मुका माज

बडोद्यातील मराठी माणसाला खंडेराव मार्केटची वाट विचारावी लागत नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यकारभारास पंचवीस वर्षे पूर्ण झाली, त्याचे स्मारक म्हणून १९०६ साली ही इमारत उभी राहिली. महाराजांनी ती नगरपालिकेच्या स्वाधीन केली आणि तिला नाव दिले ते खंडेराव महाराजांचे, ज्यांच्या राणीने, म्हणजे जमनाबाईसाहेबांनी, त्यांना दत्तक घेतले होते. पुढील भव्य भागात महानगरपालिकेची कचेरी आणि मागे भाजी, फळे, फुले यांचा बाजार, ही रचना आपल्या परिचयाची आहे. दसऱ्याच्या झेंडूसाठी, गौरीच्या पत्रीसाठी, श्रावणातल्या केळीच्या पानांसाठी दांडिया बाजारातील आणि वाडीतील मराठी घरांची पावले येथेच वळत आली आहेत.

या बाजाराभोवती गाई असतात. टाकलेली कोबीची पाने, शिळ्या फुलांच्या माळा, फुटलेली टोमॅटोची करंडी, यांच्यामागे त्या येतात. रिक्षांचे भोंगे वाजत असतात, हातगाडीवाला शेपटीवर थाप मारून पुढे जातो, एखादी भाजीवाली काठी उगारते. आणि गाय अर्धवट डोळे मिटून रवंथ करीत रस्त्याच्या मधोमध उभी असते. पाहणाऱ्याला वाटते, हिला कशाचेच काही वाटत नाही. आम्हांलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत असे. परंतु पशुशरीरशास्त्राचे गेल्या अर्धशतकातील संशोधन वाचू लागल्यावर, आणि या विषयातील एका जाणत्या माजी विद्यार्थ्याशी वरचेवर बोलणे झाल्यावर, या शांत दिसणाऱ्या जनावराच्या रक्तात काय चालले असेल, याविषयी आमचे कुतूहल वाढले. ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

घरगुती मासिकात गाईगुरांच्या प्रजननाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात सकाळी दुधाची पिशवी येते, त्या घराचा या विषयाशी रोजचा संबंध आहे. गाय व्याल्यावाचून दूध नाही, आणि गाय माजावर आल्यावाचून तिचे विणे नाही. शिवाय पादरा, डभोई, वाघोडिया या बाजूंना आपल्यापैकी कित्येकांची शेते आहेत, दावणीला एखाददुसरे जनावर आहे; त्यांच्या दृष्टीने तर हा चुलीपर्यंत पोहोचणारा प्रश्न आहे.

बाजाराभोवतीच्या गाई सर्व एका जातीच्या नव्हेत. काहींना धनी असतो. सकाळी धार काढून तो त्यांना मोकळे सोडतो आणि संध्याकाळी त्या घरी जातात. काही गोऱ्हे असतात, ज्यांचा ट्रॅक्टरच्या जमान्यात कोणाला उपयोग उरलेला नाही. आणि काही गाई अशा असतात की, त्या दूध देत नाहीत, गाभण राहात नाहीत, म्हणून धन्याने त्यांच्यावरचा हक्क मनातून सोडलेला असतो. गुजरातीत त्यांना वसूकलेल्या म्हणतात. आपण भाकड म्हणतो. आम्हांला बोलायचे आहे ते या तिसऱ्या प्रकाराविषयी.

भाकड हा शब्द मोठा निर्दय आहे. ज्या गोष्टीतून काही निष्पन्न होत नाही, तिला आपण भाकडकथा म्हणतो. ज्या दिवसांत काही मिळकत नाही, तो भाकड काळ. मराठीत या बाबतीतले बाकीचे शब्द मात्र फार नेमके आणि निरीक्षणातून आलेले आहेत. गाय माजावर येते. ती फळते. फळूनही पुन्हा माजावर आली, तर ती उलटली असे म्हणतात. तिच्या योनीतून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा स्वच्छ, चिकट स्राव लोंबतो, त्याला सोट किंवा बळस म्हणतात. आणि जनावर आतून माजावर असूनही बाहेर त्याचे काहीच चिन्ह दिसत नाही, तेव्हा आपल्या गोठ्यांत त्याला मुका माज म्हणतात. हा मुका माज आमच्या लेखाचा गाभा आहे; कारण भाकड ठरविलेल्या कितीतरी गाई-म्हशी वस्तुतः मुक्या असतात.

गाय साधारणपणे दर एकवीस दिवसांनी माजावर येते आणि तो माज बारा ते अठरा तासच टिकतो. जास्त दुधाच्या गाईंमध्ये त्याहूनही थोडा वेळ. या अवधीत ती अस्वस्थ होते, हंबरते, वैरण कमी खाते, दूध थोडे चोरते, दुसऱ्या गाईच्या पाठीवर हनुवटी टेकते, तिच्यावर उडते. पण खरी खूण म्हणजे दुसरे जनावर आपल्यावर उडले असता ती न हलता उभी राहते. त्या स्थिर उभे राहण्यापासून सुमारे चोवीस ते तीस तासांनी बीज सुटते. म्हणूनच सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, असा नियम पशुवैद्य सांगतात. ही बारा-अठरा तासांची संधी हुकली की पुन्हा तीन आठवडे थांबणे आले. तीन आठवड्यांची वैरण, पेंड, मजुरी अंगावर, आणि त्याच्या बदल्यात काहीच नाही. अशा चार-पाच संध्या ओळीने हुकल्या की, गरीब धन्याच्या तोंडी तो निर्दय शब्द येतो.

आता माज येतो कसा, ते पाहू. मेंदूच्या तळाशी अधोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. तो एक रासायनिक निरोप आपल्या खालच्या पोष ग्रंथीला पाठवितो. पोष ग्रंथी त्यावरून एलएच नावाचे हॉर्मोन रक्तात सोडते. (हॉर्मोनला आपल्या परिभाषाकारांनी संप्रेरक हा उत्तम शब्द दिला आहे, तरी गोठ्यात हॉर्मोनच चालते.) एलएचच्या आधाराने बीजाशयातील पुटक, म्हणजे बीज धारण करणारा लहानसा बुडबुडा, वाढतो, वाढता वाढता तो ईस्ट्रोजेन सोडू लागतो, आणि ते ईस्ट्रोजेन मेंदूत पोहोचले की गाय माजाची लक्षणे दाखविते. त्याच वेळी ईस्ट्रोजेन मेंदूला सुचविते की आता सर्व तयारी झाली आहे; मग एलएचचा एक मोठा लोंढा येतो आणि बीज सुटते.

यातला पहिला निरोप संथ धारेने जात नाही. तो ठोक्याठोक्याने जातो. आम्हा शाळामास्तरांना हे घंटेच्या उपमेने चटकन कळते. शिपाई ठरल्या वेळी टोल देतो, तास बदलतो, वर्ग पुढे सरकतो. टोल उशिरा पडू लागले, हलके पडू लागले, तर शाळा बंद पडत नाही, पण कोणताच तास वेळेवर संपत नाही आणि दिवसाचा अभ्यास पुरा होत नाही. माज जवळ येतो तसे हे ठोके जलद पडावे लागतात. ते मंदावले तर पुटक अर्धवट वाढून थांबते.

ठोके मंदावतात ते कशाने? येथे ताणाच्या हॉर्मोनांचा प्रवेश होतो. १९३६ साली कॅनडातील माँट्रियल येथे हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, थंडी, जखम, अतिश्रम, विष अशा अगदी निरनिराळ्या पीडांना शरीर पुष्कळसा एकच प्रतिसाद देते, आणि त्या प्रतिसादात मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा मोठा वाटा असतो. भय वाटताच या ग्रंथींच्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनॅलीन निघते. ते क्षणात येते आणि लवकर ओसरते. पीडा चालू राहिली तर मेंदूतून दुसरा निरोप निघतो, पोष ग्रंथी एसीटीएच सोडते आणि अधिवृक्काच्या सालीतून कॉर्टिसॉल येऊ लागते. कॉर्टिसॉलचे काम वाईट नाही. ते साखर मोकळी करते, सूज आवरते, जनावराला संकटातून तगून जाण्यास मदत करते. पण तगून जाण्याचा प्रसंग हा वंश वाढविण्याचा प्रसंग नव्हे, असा निसर्गाचा हिशेब दिसतो. ताणाची ही यंत्रणा चालू झाली की, अधोथॅलॅमसचे ते ठोके विरळ आणि हलके पडतात.

येथे विज्ञानाच्या इतिहासातील एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रजननाच्या साखळीतील त्या पहिल्या निरोपाची रासायनिक रचना १९७१ साली उलगडली. डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या असंख्य मेंदूंतून कणाकणाने तो पदार्थ मिळवावा लागला. मेंदूतील हॉर्मोनांवरील कार्याबद्दल १९७७ साली अँड्र्यू शॅली आणि रॉजर गियमँ यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. यांपैकी गियमँ हे तरुणपणी माँट्रियलला सेल्ये यांच्याच प्रयोगशाळेत शिकले होते. गुरूने ताण सांगितला. ताणाने जो निरोप मंदावतो, तो शिष्याने शोधला.

गाईंच्या बाबतीत हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. माज येण्याच्या आधीच्या दिवसांत गाईला एसीटीएच टोचले असता एलएचचा लोंढा लांबतो किंवा मुळीच येत नाही, पुटक फुटत नाही आणि कधी कधी बीजाशयात पाण्याची गाठ बनते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. इंग्लंडातील लिव्हरपूल विद्यापीठात हिलरी डॉब्सन आणि रॉबर्ट स्मिथ यांनी या विषयाचा दीर्घ काळ अभ्यास केला. मेंढ्यांना मालमोटारीत घालून रस्त्याने फिरविले की त्यांचा लोंढा उशिरा येतो, हे त्यांच्या गटाने दाखविले. पाय दुखणाऱ्या, लंगडणाऱ्या गाई माजावर येतात. पण त्यांच्या माजाची तीव्रता कमी असते, म्हणून धन्याच्या तो लक्षात येत नाही. मुक्या माजाचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नसेल. याशिवाय अधिवृक्क ग्रंथी ताणाच्या वेळी थोडेसे प्रोजेस्टेरॉनही सोडतात. हे गर्भारपणात माज दाबून ठेवणारे हॉर्मोन आहे; भलत्या वेळी आलेला त्याचा लहानसा डोसही गाईचे वागणे थंड करू शकतो.

वेळेचे महत्त्व येथे फार आहे. लोंढा येऊन गेल्यावर गाय घाबरली तर बीज बहुधा सुटतेच. त्याआधीच्या दोन-तीन दिवसांतली पीडा घातक. आणि एकदा सुई टोचली, एकदा कुत्रे अंगावर आले, एवढ्याने काही बिघडत नाही. सतत चालणारी किंवा पुन्हा पुन्हा येणारी पीडाच हिशेबात धरायची. पायाखालची जमीनसुद्धा हिशेबात येते. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाई सिमेंटच्या फरशीपेक्षा मातीवर अधिक वेळ माज दाखवितात, असे आढळले. घसरण्याची धास्ती असलेले जनावर दुसऱ्यावर उडेल कसे? आपल्या आजोबांच्या गोठ्यात मुरमाची जमीन असे. आज नातवाने हौसेने फरशी बसविली आहे.

भयाचा आणि हॉर्मोनांचा संबंध आपल्या माणसांना अजिबात ठाऊक नव्हता असे मात्र नाही. पान्हा चोरणे हा वाक्प्रचार पाहा. धार काढणारा परका माणूस आला, वासरू दूर नेले, कोणी ओरडले, की गाय पान्हा चोरते, हे आपल्या आजीला माहीत होते. १९४१ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे एली आणि पीटरसन यांनी याचाच प्रयोग केला. गाईच्या जवळ फुगविलेल्या कागदी पिशव्या फोडून तिला दचकविले की पान्हा अडतो, आणि अ‍ॅड्रेनॅलीन टोचले तरीही अडतो, असे त्यांना आढळले. दूध चोरलेले दिसते, कारण चरवी रिकामी राहते. माज चोरलेला दिसत नाही, कारण तो चरवीत मोजता येत नाही. म्हणून त्याला वाक्प्रचार मिळाला नाही, एवढाच फरक.

म्हशीची कथा थोडी निराळी आहे, आणि बडोद्याच्या परिसरात ती टाळून चालणार नाही. मही आणि साबरमती या नद्यांमधला प्रदेश हे सुरती म्हशीचे माहेर. खेडा जिल्ह्यात १९४६ साली सुरू झालेल्या आणि आणंदहून जगभर नावाजलेल्या दूध चळवळीचा पाया म्हशीच्या दुधावर रचला गेला. ही म्हैस मुळातच लाजाळू. गाय जशी दुसऱ्या गाईवर उडते, तशी म्हैस क्वचितच उडते. तिचा माज पुष्कळदा रात्री येतो आणि पहाटेपर्यंत ओसरतो. त्यातच उन्हाळा. बडोद्यात वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. काळे कातडे, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी. डुंबायला पाणी नसेल तर म्हैस आतून भाजून निघते. अशा काळात तिचा माज मुका होतो किंवा येतच नाही. दिवस लहान होऊ लागले, की भाद्रपदापासून माघापर्यंत तीच म्हैस पुन्हा माजावर येऊ लागते. यात ऊन किती आणि दिवसाच्या लांबीचा जन्मजात परिणाम किती, हे एकमेकांत इतके गुंतलेले आहे की, सारे खापर ताणावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही.

हाच सावधपणा एकंदर विषयात ठेवावा लागतो. आपल्याकडे जनावर माजावर न येण्याचे पहिले कारण अजूनही पोटात आहे. चारा अपुरा, खनिजे अपुरी, व्याल्यानंतर अंगातली चरबी झपाट्याने ओसरलेली, अशी गाय कितीही शांत जागी बांधली तरी माजावर येणार नाही. ज्याने गव्हाण रिकामी ठेवून गोठ्यात भजने लावली, त्याने फसावे यात नवल नाही. आणि कॉर्टिसॉलला खलनायक ठरविण्याची घाईही करू नये. वासरू पोटात पूर्ण वाढले की त्याच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडू लागतात, आणि त्या इशाऱ्यावरच आईच्या शरीरात कळा सुरू होण्याची तयारी होते. न्यूझीलंडचे लिगिन्स यांनी मेंढ्यांवर हे दाखविले. गाईतही तसेच घडते. जे हॉर्मोन गाईचा माज मुका करते, तेच तिच्या वासराला जगात आणते.

आता पुन्हा बाजाराकडे वळू, कारण तेथील गाईंचे पुढे काय होते, हे पाहिले पाहिजे. मोकाट जनावरांचा प्रश्न गुजरातच्या शहरांत गेली काही वर्षे फार तापला. माणसे जखमी झाली, काही दगावली. शहरांतील जनावरे पाळण्यावर परवान्याचे बंधन घालणारे विधेयक राज्य विधानसभेने २०२२ च्या मार्चअखेरीस संमत केले. पशुपालक समाजाचा विरोध झाला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते मागे घेण्यात आले. उच्च न्यायालयाने मात्र महानगरपालिकांना वारंवार जाब विचारला. पकडपथके फिरू लागली. धरलेले जनावर गाडीत चढविले जाते आणि ढोरडब्यात, आपल्या मराठीत कोंडवाड्यात, नेऊन सोडले जाते.

रस्त्यावर जनावर नको, हे आम्हांला मान्य आहे. आमच्या शाळेच्या वाटेवर मुलांना शिंगांच्या मधून जावे लागते. त्याचे समर्थन कोण करील? पण या प्रकरणातली साखळी कोणी उलगडून पाहात नाही. मोकळी सोडलेली गाय दिवसभर वाहनांतून वाट काढते. फरशीवर आणि डांबरावर चालून तिचे खूर दुखतात. एका कोबीच्या पानासाठी तिला दांडग्या गाईची शिंगे सोसावी लागतात. कळपात खालच्या पायरीवर असलेली गाय सदैव दबलेली असते. पोटात चाऱ्याऐवजी प्लास्टिक जाते. ती माजावर आलीच, तर तो पाहायला कोणी नसते. धनी फक्त दोन वेळा धार काढायला भेटतो. ती उलटली की नाही, याची नोंद नाही. वर्ष गेले, दूध आटले, आणि धन्याने ठरविले की ही भाकड. मग ती संध्याकाळीही घरी जात नाही. आता तिच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, पण त्या बिल्ल्यावर तिच्या शेवटच्या माजाची तारीख नसते. जागा नसताना गाय पाळणारा धनी या साखळीची पहिली कडी आहे, आणि त्याला आम्ही दोष देतो. मात्र पुण्य म्हणून रस्त्यातच लसूणघासाची पेंढी गाईपुढे टाकणारे आपण, हीही त्यातलीच एक कडी. पेंढी टाकायची असेल तर ती पांजरापोळात नेऊन द्यावी. थोडे लांब पडेल.

ही झाली रस्त्यावरची गाय. दावणीच्या जनावराच्या बाबतीत साखळी मधेच तोडता येते; त्याचे एक उदाहरण अलीकडे आमच्या पाहण्यात आले.

आमच्या शाळेतील एक शिपाई पादऱ्याकडून येतात. गायकवाडी फौजेबरोबर आलेल्या मराठा कुळांपैकी त्यांचे घर; घरात मराठी, अंगणात गुजराती. त्यांच्याकडे एक सुरती म्हैस होती. दोन वेते तिने उत्तम दिली. तिसऱ्या वेतानंतर वर्ष उलटले तरी ती माजावर येईना. व्यापारी दारावर दोनदा येऊन गेला, आणि त्याने दिलेली किंमत ऐकून घरातल्या बाईंचा चेहरा उतरला. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचे पैसे त्या म्हशीच्या दुधातून उभे राहावयाचे होते. शिपाई आम्हांला म्हणाले, "साहेब, तुमचा तो पशुवैद्य विद्यार्थी एकदा नजर घालील का? मग विकून टाकू."

आमचे विद्यार्थी आले. त्यांनी आधी औषधाची पेटी उघडलीच नाही. म्हैस कोठे बसते, धार कोण काढते, शेजारी दुसरी म्हैस आहे का, रात्री कोणी उठून पाहते का, असे प्रश्न विचारीत राहिले. म्हैस बांधली होती ती रस्त्याला लागून, पत्र्याच्या छपराखाली, एकटी. पलीकडे पिठाची चक्की नव्याने सुरू झालेली, आणि लग्नसराईत समोरच्या पटांगणावर मध्यरात्रीपर्यंत वाद्यांचा धुमाकूळ. मग हात घालून त्यांनी तपासणी केली आणि म्हणाले, "हिच्या बीजाशयात पीतपिंड आहे. म्हणजे बीज सुटून गेले आहे. ही माजावर येते आहे, तुम्हांला कळत नाही."

वहिनी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ही भाकड नाही?"

"नाही. मुकी आहे."

इंजेक्शन देऊन माज आणता येतो, हेही त्यांनी सांगितले. पण आणलेला माजसुद्धा पाहणारा डोळा लागतो, असे म्हणून त्यांनी ते पुढे ठेवले. म्हैस थोरल्या भावाच्या वाड्यात, कडुनिंबाखाली, त्याच्या दोन म्हशींच्या जोडीला बांधायची; उन्हात तीन वेळा अंगावर पाणी घालायचे; रोज खनिज मिश्रण द्यायचे; धार एकाच माणसाने काढायची; आणि रात्री दहा वाजता व पहाटे पाच वाजता कंदील घेऊन पाच मिनिटे नुसते पाहात उभे राहायचे. सोट दिसली, म्हैस वारंवार लघवी करू लागली, उगाच रेकली, की तारीख लिहायची. लिहायची कोठे? वहिनींनी भिंतीकडे बोट दाखविले. गॅसची टाकी, दुधाचा रतीब, संकष्टी, सारे ज्या कालनिर्णयात लिहिले जाते, त्यातच.

दोन महिने काही झाले नाही. ऑक्टोबरात एका पहाटे पहिली खूण पडली. पण रेतन करणारा माणूस मिळेपर्यंत वेळ निघून गेली. एकवीस दिवस मोजून वहिनी आदल्या रात्रीपासून जाग्या राहिल्या. १२ नोव्हेंबरला रेतन झाले. पुढच्या एकवीस दिवसांनी म्हैस उलटली नाही, आणि फेब्रुवारीत तपासणी होऊन गाभ पक्का ठरला. व्यापारी पुन्हा आला होता म्हणतात. त्याला चहा दिला आणि परत पाठविले.

आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना विचारले, की हा गुण कडुनिंबाचा, चक्कीपासून लांब गेल्याचा, की आणखी कशाचा? ते हसले. म्हणाले, "सर, ऊन उतरले होते, दिवस लहान झाले होते, खनिज मिश्रण पोटात गेले होते, जोडीला म्हशी होत्या, आणि वहिनी रात्री उठत होत्या. यातले एक काढून दाखवा, म्हणजे मी उत्तर देतो." असा विद्यार्थी लाभावा, असे आम्हांला त्या दिवशी वाटले.

म्हशीचा गर्भकाळ सुमारे तीनशेदहा दिवसांचा. १२ नोव्हेंबरपासून मोजले तर १८ सप्टेंबर येतो. नव्या वर्षाचे कालनिर्णय घरात आले त्याच दिवशी वहिनींनी त्या चौकटीत पेन्सिलीने 'म्हैस' एवढेच लिहून ठेवले, आणि त्याच्या दोन महिने आधी, १८ जुलैच्या चौकटीत, 'धार बंद'.